हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतं का? जुन्या ट्रॅक्टरवाल्यांचे प्रश्न

या वेळची पत्रं जवळपास सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतात: हेड, म्हणजे सिलेंडरच्या तोंडावरचं लोखंडी झाकण. कुणाचं तडकलंय, कुणाला भंगारात दुसरं सापडलंय, कुणाला फिटरने ‘हेड घासून आणा, कॉम्प्रेशन येईल’ असं सांगितलंय. उत्तरांत आकडे बरेच आहेत. वही-पेन्सिल जवळ ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे तीन सिलेंडरचा जुना मॅसी (मॅसी फर्ग्युसन) ३५ आहे. मधल्या सिलेंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधे हेड तडकलंय. भंगारबाजारात मॅसीच्याच १०३५ डीआयचं हेड मिळतंय. गॅस्केट ठेवून पाहिलं, स्टडची भोकं जुळतात. बसवू का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : भोकं जुळली म्हणून हेड जुळलं असं नाही. आधी तुमचं इंजिन कुठल्या जातीचं ते ठरवा. पर्किन्सच्या या १५२ घनइंची इंजिनात दोन जाती आहेत. जुन्या ए३.१५२ मध्ये डिझेल हेडच्या आतल्या छोट्या खोलीत फवारलं जातं, तिथे पेट घेतं आणि मग सिलेंडरमध्ये उतरतं. त्याच्या पिस्टनचा माथा जवळजवळ सपाट. नंतरच्या एडी३.१५२ मधला ‘डी’ म्हणजे डायरेक्ट. तिथे हेडचा तळ सपाट आणि जळण्याची जागा पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत. आपल्याकडे बोनेटवर ‘डीआय’ लिहितात ते हेच. दोन्हींचा बोर (सिलेंडरचा आतला व्यास) ९१.४४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२७ मिमी, त्यामुळे वरून बघताना फसगत होते.

आता हिशेब. एका सिलेंडरचं आकारमान भरतं ८३४ सीसी. तुमच्या सपाट पिस्टनवर डीआयचं सपाट हेड बसवलं, तर पिस्टन वर आल्यावर हवेला उरते ती गॅस्केटच्या (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगच्या) जाडीएवढी फट आणि व्हॉल्व्हभोवतीचे खळगे, म्हणजे फार तर ८-९ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर आल्यावर उरलेली जागा, जातो नव्वदाच्या पुढे! स्टार्टर इंजिन फिरवणारच नाही, आणि ओढून सुरू करायला गेलात तर रॉड वाकेल. उलटं केलं, म्हणजे वाटीच्या पिस्टनवर जुनं खोलीवालं हेड चढवलं, तर दोन्ही जागा बेरजेला येतात आणि रेशो दहा-अकराच्या आसपास घसरतो. त्या कॉम्प्रेशनला थंड डिझेल पेटत नाही. दिवसभर टोचन लावून ओढा, सायलेन्सरमधून पांढरा धूर तेवढा येईल.

म्हणजे डीआयचं हेड हवं असेल तर त्यासोबत तिन्ही पिस्टन, तिन्ही नोझल, नोझलचे पाइप आणि पंपाचं सेटिंग, सगळं बदलावं लागतं. खोलीवाल्या इंजिनाचं पिंटल (एकाच भोकाचं) नोझल साधारण १०० ते १३५ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला उघडतं, डीआयचं अनेक भोकांचं नोझल १७० ते २०० किलोला. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. एवढं सगळं विकत घेण्यापेक्षा चालू स्थितीतलं अख्खं इंजिन स्वस्त पडतं.

त्याआधी जुन्या हेडची तपासणी करून घ्या. दोन सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मधली केसासारखी रेघ दर वेळी पाण्यापर्यंत गेलेली असतेच असं नाही. पाण्याच्या सगळ्या वाटा पट्ट्या आणि रबर लावून बंद करायच्या, हेड गरम पाण्यात बुडवायचं आणि आत २ ते ३ किलो हवा सोडायची. थंड हेडवर ही तपासणी करू नका, काही तडे गरम झाल्यावरच तोंड उघडतात. बुडबुडे आले नाहीत आणि रेघ सीटच्या गोलाईत शिरलेली नसली, तर तेच हेड अजून चालेल. बुडबुडे आले तर त्याच जातीचं हेड शोधा. ओतीव लोखंडाचं वेल्डिंग सीटच्या मधे टिकवणारे कारागीर आहेत, पण फार थोडे.

प्रश्न : १०३५ डीआय उचलत नाही, सकाळी सुरू व्हायला वेळ लावतो. फिटर म्हणतो, हेड एक मिलिमीटर घासून आणा, कॉम्प्रेशन वाढेल. खरं आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. हा समज पेट्रोल इंजिनावरून आलेला आहे. तिथे जळण्याची जागा हेडमध्ये खोदलेली असते, म्हणून हेड घासलं की ती जागा लहान होते आणि रेशो वाढतो. तुमच्या हेडचा तळ सपाट आहे. सपाट लाकडाची फळी रंधून पातळ केली तरी तिच्याखालच्या वाटीत पाणी तेवढंच मावणार. तसंच हे.

घासल्याने बदलतात त्या दुसऱ्याच गोष्टी, आणि बहुतेक वाईट. व्हॉल्व्हचं तोंड हेडच्या तळापासून जेवढं आत असायला हवं तेवढं राहत नाही. मग टायमिंगमध्ये जरा चूक झाली, तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो. नोझलचं टोक जास्त बाहेर येतं, फवारा वाटीच्या काठाऐवजी भलतीकडे पडतो आणि इंजिन काळा धूर टाकू लागतं. मग कुणीतरी नोझलखाली दोन कॉपर वॉशर घालतं. त्याने टोक पुन्हा आत जातं खरं, पण दोन वॉशरच्या मधून गॅस गळायला लागतो.

हेड घासायचं ते वाकलं असेल तरच. सरळ पट्टी आणि फिलर गेज घ्या. हेडचा तळ पत्र्याने खरवडू नका, लाकडी पट्टीने आणि रॉकेलने साफ करा. पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांत ठेवून बघा. या इंजिनाला आडव्या दिशेने ०.०८ मिमी आणि उभ्या दिशेने ०.१५ मिमीपर्यंत वाक चालतो. त्याहून जास्त असेल तरच मशीनवर चढवा, आणि सरळ होण्यापुरतंच काढायला सांगा. नंतर व्हॉल्व्ह तळापासून किती आत आहेत ते मोजून सीट तेवढ्या आत घ्या.

मग तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलं कुठे? १५२ घनइंची डीआय इंजिनाचा रेशो १८.५. म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ४७.७ सीसी. या एवढ्याशा जागेत थोडी भर पडली तरी फरक मोठा दिसतो. तीन ठिकाणी बघा.

पहिलं, गॅस्केट. बोरच्या क्षेत्रफळावर जाडीच्या दर ०.१ मिलिमीटरला ०.६६ सीसी जागा वाढते. मूळच्यापेक्षा अर्धा मिमी जाड गॅस्केट घातलं की ३.३ सीसी वाढले, आणि रेशो १८.५ वरून १७.४ वर आला. दुकानात दोन गॅस्केट सारखी दिसतात. व्हर्नियर लावून मगच पैसे द्या. मात्र मोजायची ती आवळल्यावरची जाडी, म्हणून मूळ काढलेलं, दबलेलं गॅस्केट फेकू नका.

दुसरं, बसलेले व्हॉल्व्ह. दर वेळी इंजिन बांधताना सीट कापत गेलं की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल खोल जातो. ४० मिमी व्यासाचे दोन व्हॉल्व्ह एकेक मिमी जास्त बसले, तर २.५ सीसी वाढतात आणि रेशो १७.६ होतो. म्हणजे जो फिटर दर वेळी सीट कापून ‘व्हॉल्व्ह नवे करून’ देतो, तोच तुमचं कॉम्प्रेशन थोडं थोडं घालवत असतो. उपाय नव्या सीटचे इन्सर्ट, घासणं नव्हे.

तिसरं, पिस्टनची उंची आणि वाटी. बाजारात एकाच ट्रॅक्टरच्या नावावर वेगवेगळ्या वाट्यांचे पिस्टन मिळतात. वाटी मोजायची पद्धत सोपी आहे. पिस्टनच्या माथ्यावर जरासं ग्रीस लावून मधे भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा चिकटवा आणि सुईच्या सिरिंजने रॉकेल भरा. किती मिली गेलं ते लिहून ठेवा. जुना आणि नवा पिस्टन शेजारी ठेवून मोजले की वाद राहत नाही. तिन्ही नव्या पिस्टनांत अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक दिसला, तर किट परत करा.

हेड बसवण्यापूर्वी आणखी एक मोजमाप करा, तासाभराचं काम आहे. रेडिओवाल्याकडची दोन मिमी जाडीची सोल्डरची तार घ्या. तिचे सेंटिमीटरभराचे तुकडे ग्रीसने पिस्टनच्या माथ्यावर, वाटीच्या बाहेर, पिनच्या रेषेत दोन बाजूंना चिकटवा. पिनच्या रेषेतच का, तर तिथे पिस्टन डुलत नाही. व्हॉल्व्हच्या खाली ठेवू नका. जुनं दबलेलं गॅस्केट घालून हेड आवळा, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवा आणि उघडा. चपटी झालेली तार मोजा. अशा इंजिनांत ही फट साधारण ०.८ ते १.२ मिमीच्या दरम्यान निघते, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचा धरा. तिन्ही सिलेंडरांत ती सारखी निघाली की अर्धं काम झालं.

प्रश्न : गेज लावून कॉम्प्रेशन पाहिलं. एक नंबर ४३० पीएसआय, दोन नंबर ४२०, तीन नंबर ३४०. तीन नंबरमध्ये थोडं तेल ओतलं तर ४०० पर्यंत गेलं, म्हणजे रिंगाच ना? आणि पुस्तकात १८.५ लिहिलंय, गेज ४३० दाखवतं, हे कसं जुळवायचं?
– एक वाचक, वाई

उत्तर : दुसरं आधी घेऊ. १८.५ हा जागांचा भागाकार आहे, दाब नव्हे. हवा दाबली की तापते, आणि तापली की दाब आणखी वाढतो. हिशेबाने १८.५ च्या रेशोला चाळीस किलोच्या पुढे दाब यायला हवा. प्रत्यक्षात स्टार्टरवर इंजिन जेमतेम दोनशे फेऱ्यांनी फिरतं, सक्शन व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, रिंगांतून हवा निसटते, हेडचं थंड लोखंड उष्णता पितं. म्हणून धडधाकट जुन्या डीआयला २५ ते ३२ किलो, म्हणजे साधारण ३५० ते ४५० पीएसआय दिसतात. दोन वेगळ्या ट्रॅक्टरांचे गेजचे आकडे म्हणूनच एकमेकांशी लावू नयेत. एकाच इंजिनाचे सिलेंडर एकमेकांशी लावावेत. जागाही बघा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाबच १५ टक्के कमी. खाली ४३० दाखवणारं इंजिन वर ३६५ दाखवेल आणि त्यात काही बिघडलेलं नसेल.

आता तेलाची गोष्ट. पेट्रोल इंजिनात ही परीक्षा ठीक आहे, डिझेलमध्ये ती फसवते. उरलेली जागा ४७.७ सीसी आहे, त्यात तुम्ही ५ सीसी तेल ओतलं की जागा उरली ४२.७ आणि रेशो झाला २०.५. रिंगा नव्या कोऱ्या असल्या तरी आकडा वाढणारच. तेल जास्त पडलं तर ते दाबलं जात नाही, रॉड वाकतो. ही परीक्षा डिझेलवर करूच नका.

त्याऐवजी हवा भरून बघा. तीन नंबरचा पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना वर आणा, ट्रॅक्टर मोठ्या गिअरमध्ये टाकून ब्रेक लॉक करा, नाहीतर हवेने क्रँक फिरेल आणि पाना हातात असेल तर हात जाईल. रेडिएटरचं झाकण, तेलाचं झाकण उघडा, एअर क्लीनरचा पाइप काढा. नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची ५-६ किलो हवा सोडा आणि कान लावा. एअर क्लीनरच्या पाइपात फुसफुस आली तर सक्शन व्हॉल्व्ह. सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट. तेलाच्या झाकणातून जोरात आली तर रिंगा किंवा लायनर. थोडी फुसफुस तिथे असतेच, बाकीच्या दोन सिलेंडरशी ताडून बघा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. शेजारच्या सिलेंडरच्या नोझलच्या भोकातून आली तर गॅस्केट मधल्या पट्टीला जळलंय.

आणि कुठूनच काही विशेष आलं नाही तर? मग तीन नंबरची हवा गळत नाहीये, ती पुरेशी दाबलीच जात नाहीये. हेड काढा, डायल गेज लावून तिन्ही पिस्टनांची वर आल्यावरची उंची मोजा. पिस्टन दीड मिमी खाली राहिला तर जवळपास १० सीसी जागा वाढते, रेशो १५.५ होतो, आणि हिशेबाने गेजवर ४३० च्या जागी ३४० च्या आसपास दिसतात. तुमचाच आकडा. असं होतं ते बहुतेक वाकलेल्या कनेक्टिंग रॉडमुळे: कधीतरी एअर क्लीनरमधून पाणी आत गेलेलं असतं, किंवा गॅस्केटमधून पाणी सिलेंडरमध्ये साठलेलं असताना स्टार्टर मारलेला असतो. रॉड सरळ करण्याच्या फंदात पडू नका, बदला. पिस्टन उंचीला बरोबर निघाला, तर तीन नंबरच्या कॅमची उचल आणि टॅपेट बघा. झिजलेला कॅम व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, मग हवाच कमी भरते.

गेज लावताना दोन गोष्टी पाळा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि ॲडॉप्टरखाली नवा कॉपर वॉशर हवा. पंपाचा स्टॉप ओढून ठेवायला विसरू नका, नाहीतर दाबाने उडालेलं डिझेल कातडीत शिरतं. तसं झालं तर तासही न थांबता दवाखाना गाठा, जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी.

प्रश्न : माझ्याकडे फर्ग्युसन ३५ आहे, चार सिलेंडरचं स्टँडर्ड डिझेल इंजिन, रेशो २०. शेजाऱ्याचा फोर्ड ३००० फक्त १६.५ चा. थंडीत तो एका झटक्यात सुरू होतो, माझा होत नाही. जास्त कॉम्प्रेशनचा आधी पेटायला नको का?
– इंग्लंडहून एक मराठी वाचक

उत्तर : रेशो जास्त ठेवावा लागला, कारण तुमच्या इंजिनात उष्णता जास्त वाया जाते. स्टँडर्डचं २२५८ सीसीचं हे इंजिन खोलीवाल्या जातीचं आहे. दाबलेली हवा अरुंद घशातून जोराने घुमत खोलीत शिरते, आणि जाताना थंड लोखंडाला भरपूर उष्णता देऊन टाकते. ती भरून काढायला २० चा रेशो. फोर्ड ३००० थेट फवाऱ्याचं आहे, हवा एका वाटीत गोळा होते, लोखंडाला लागणारा पृष्ठभाग कमी. म्हणून साडेसोळातही भागतं. इंजिन तापलं की मात्र खोलीवालं शांत चालतं, नोझलला कमी दाब पुरतो.

तुमचं इंजिन थंडीत रुसण्यासाठी प्रसिद्धच आहे, पण त्यातला बराचसा दोष स्टार्टिंगच्या बाजूचा असतो. हिटर प्लग (सुरू करताना खोली तापवणारे) दोन टोकांचे आणि एकामागे एक जोडलेले असतील, तर एक गेला की चारही गार. मल्टिमीटरने एकेक तपासा. बॅटरीच्या जाड केबलची टोकं घासून काढा. खोलीवाल्या इंजिनात फेऱ्या कमी पडल्या की हवेला उष्णता गमवायला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे मंद स्टार्टर इथे दुप्पट नडतो. हेड काढायची वेळ आलीच, तर खोलीच्या तोंडाशी दाबून बसवलेले लोखंडी इन्सर्ट हेडच्या तळाशी सपाट आहेत का बघा. बाहेर आलेला इन्सर्ट गॅस्केट चिरडतो, आत गेलेला गॅसला वाट देतो.

प्रश्न : टीईडी२० फर्ग्युसन संग्रहासाठी घेतला. मूळचा रॉकेलवर चालणारा. आता पेट्रोलवर चालवायचा आहे. हेड पेट्रोलचं घ्यावं की आहे तेच घासावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या घराण्यात अक्षरं बघायची: टीईए पेट्रोल, टीईडी ट्रॅक्टरचं रॉकेल, टीईएफ डिझेल. रॉकेलला ठोके लवकर बसतात, म्हणून त्या हेडचा रेशो पाचाच्या जवळपास ठेवला, पेट्रोलचा सहाच्या. ८५ मिमी बोरच्या इंजिनात एका सिलेंडरचे ५२२ सीसी. सहाला १०४ सीसी जागा लागते, पाचाला १३०. हा २६ सीसीचा फरक घासून भरायचा तर साडेचार मिमी लोखंड काढावं लागेल. तेवढं हेडमध्ये काढण्याजोगं नसतंच. घासण्याचा विचार सोडा.

आहे त्या हेडवर पेट्रोल बिनधास्त चालतं. कमी रेशोवर पेट्रोलचं काही बिघडत नाही, फक्त ते जास्त लागतं आणि जोर कमी मिळतो. मॅनिफोल्डवर रॉकेल तापवण्याची सोय आहे, ती मात्र पेट्रोलला नको. तापलेली हवा पातळ होते आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत वाफेने पेट्रोल अडतं. मिरवणुकीपुरता ट्रॅक्टर काढायचा असेल तर मूळ हेड ठेवा, संग्रहात त्याचीच किंमत आहे. उलट, पेट्रोलच्या हेडवर रॉकेल कधी चालवू नका. न जळलेलं रॉकेल रिंगांवरून खाली उतरतं, तेल पातळ होतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि बेअरिंगं जातात. रेशनचं निळं रॉकेल इंजिनात ओतणं तर कायद्याने बंद आहे.

प्रश्न : फोर्ड ८एन आहे. हेड एक मिमी घासून रेशो ६.५ चा ७ करता येईल का?
– ओहायोहून एक मराठी वाचक

उत्तर : तुमच्याकडे करता येतं, कारण खोली हेडमध्येच आहे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये उभे असतात, हेड नुसतं झाकण. एका सिलेंडरचे ४९० सीसी, ६.५ ला जागा ८९ सीसी, ७ ला ८१.७. म्हणजे साडेसात सीसी घालवायचे. खोलीच्या कडेला पेन्सिलचं शिसं फासून आलेखाच्या कागदावर छाप घ्या आणि चौकोन मोजा. समजा ७५ चौरस सेंटिमीटर भरलं, तर एक मिमी पुरेल. पण या हेडमध्ये व्हॉल्व्ह वर उघडतो तो हेडच्याच पोकळीत. क्लेचा गोळा ठेवून, हेड आवळून, इंजिन फिरवून व्हॉल्व्हच्या डोक्यावर किती जागा उरते ते आधी बघा. व्हॉल्व्हकडून सिलेंडरकडे हवा जायची वाटही तेवढीच बुटकी होते. हिशेबाने फायदा जेमतेम तीन टक्के. आमच्या मते ते कष्ट व्हॉल्व्ह घासण्यात आणि इग्निशन नीट लावण्यात घालावेत.

प्रश्न : जुन्या एअरकूल्ड आयशरचं हेड गॅस्केट कुठलं घ्यायचं? दुकानदार म्हणतो, मॅसीसारखं मिळत नाही.
– एक वाचक, परभणी

उत्तर : दुकानदार बरोबर आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाणी अडवायचंच नसतं, त्यामुळे मोठं गॅस्केट नाही. हेड आणि सिलेंडरचा जोड धातूवर धातू किंवा पातळ कड्यावर बसतो. अशा इंजिनांत पिस्टन आणि हेडमधली फट साधारणपणे सिलेंडरच्या बुडाखालच्या पातळ पत्र्यांनी ठरते. उघडताना तिथे किती आणि किती जाडीचे पत्रे निघाले ते मोजून लिहा. हाताला आला तसा एक पत्रा जास्त घातला की कॉम्प्रेशन गेलं, एक कमी घातला की पिस्टन हेडला आपटला. आणि पंखांमधला भुसा-माती काढा. एका बाजूने बुजलेलं हेड एका बाजूनेच तापतं आणि वाकतं.

प्रश्न : नवं किट टाकून ४० तास झाले, तरी ब्रीदरमधून धूर येतो. हेडचा दोष असेल का?
– एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : ब्रीदरचा (क्रँककेसच्या श्वासनळीचा) धूर हेडचा नसतो, तो रिंगांवरून येतो. बहुतेकदा नव्या इंजिनाला ‘जपून’ तासन्‌तास आयडलवर ठेवलेलं असतं. रिंगा लायनरला दाबाने घासल्या तरच बसतात; नुसत्या आयडलवर लायनर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग रिंग कधीच बसत नाही. मध्यम ओझं पहिल्या तासापासूनच द्यायचं असतं, आता तरी द्या: रोटाव्हेटर नको, ट्रॉली चालेल. अजून १५-२० तास असं करूनही धूर तेवढाच राहिला, तर लायनर काढून होनिंगने (आतून दगडाने घासून) पुन्हा जाळीची रेघ मारावी लागेल.

प्रश्न : हेड बसवल्यावर पुन्हा कधी आवळायचं?
– दोन-तीन वाचकांनी विचारलं आहे

उत्तर : नट एका दमात आवळू नका. मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला जात, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. धाग्यांना तेलाचा थेंब, स्टडच्या भोकात मात्र तेल किंवा पाणी साठलेलं नको, त्याने ब्लॉक तडकतो. इंजिन सुरू करून पाणी नीट तापू द्या, मग बंद करून त्याच क्रमाने पुन्हा आवळा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या कॉपर-ॲस्बेस्टॉस किंवा कॉम्पोझिट गॅस्केटला हे लागतंच. पाकिटावर ‘पुन्हा आवळू नये’ असं असेल तर पाकिटाचं ऐका. २५ ते ५० तासांनी आणखी एकदा.

दर वेळी आवळलं की टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली) फट कमी होते, म्हणून ती पुन्हा लावा. पर्किन्सच्या तीन सिलेंडरला थंड इंजिनावर ०.३० मिमी, गरमवर ०.२५. हे राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, महिन्याभरात त्याची कड जळते, आणि तुम्ही पुन्हा कॉम्प्रेशन गेलं म्हणून हेड उघडता.